मार्च महिन्यातली गैरहजेरी

१

उमरेडच्या विणकर रुख्माबाईंचा आवाज चोरीला गेला, अशी तक्रार शुक्रवारी विद्यापीठात आली. चोर म्हणून जिचं नाव लिहिलं होतं ती मुलगी मंगळवारी सकाळी नागपूरलगतच्या वाडीत, प्रेमलता गजभिये यांच्या स्वयंपाकघरात, जमिनीवर बसून कांदे चिरत होती. कांद्याचं एक बरं असतं, रडायला वेगळं कारण सांगावं लागत नाही. पण प्रेमलताबाईंनी कोराडीच्या वीज केंद्रात टाइम ऑफिसात एकतीस वर्षं काढली होती. तीन पाळ्यांची हजेरी त्यांच्या हातून जायची, आणि खोटं कारण घेऊन आलेला माणूस त्यांना दारातच ओळखू यायचा.

"दोन कांदे सांगितले होते वं सेलाम. सात चिरले तू."

सेलामनं सुरी खाली ठेवली. तिचं पूर्ण नाव सेलामावित. इथिओपियाची, अदिस अबाबात वडिलांचा हातमाग. अडीच वर्षांपूर्वी, तेवीस सालच्या ऑगस्टअखेर, ती डॉक्टरेट करायला नागपुरात आली आणि प्रेमलताबाईंच्या वरच्या खोलीत राहू लागली. विषय होता डिजिटल मानव्यविद्या. म्हणजे काय, हे प्रेमलताबाईंना समजायला सहा महिने लागले, पण समजलं ते पक्कं. उमरेड-नागपूरच्या विणकरांचे आवाज, त्यांच्या मागांची खडखड, काठांची नक्षी, सगळं संगणकात असं रचून ठेवायचं की पुढे कोणालाही शोधता यावं. हजेरीपुस्तकच ते, फक्त त्यातली माणसं मागावरची.

"मावशी, ते म्हणून राहिले की दोनशे चौदा रेकॉर्डिंग माझ्या नाहीतच," सेलाम म्हणाली. तिची मराठी वाडीत तयार झाली होती, त्यामुळे विद्यापीठातल्या लोकांना हसू यायचं. "भैय्याजी निखारेंनी पंधरा-सोळा साली केल्या म्हणते. ते विणकरांचे आवाज कॅसेटीत भरत फिरायचे. त्यांच्या वहीत यादी हाय. माझ्या फायलींवर ज्या तारखा, त्याच वहीत."

"मग तुह्या फायलींवर सोळा साल काहून?"

"आमचं वर्ष तुमच्यापेक्षा सात-आठ वर्षं मागं चालते. मी फायलीले आमचीच तारीख देतो. बाबांना फोनवर सांगाले सोपं जाते."

समितीलाही तिनं हेच सांगितलं होतं. समिती म्हणाली, हे आता सुचलेलं कारण नाही कशावरून? रेकॉर्डरचं कार्ड भरलं की फायली केंद्राच्या संगणकावर चढवून कार्ड पुसायचं, अशी तिथली पद्धत, त्यामुळे मूळ प्रत उरली नव्हती. गेल्या एप्रिलमध्ये सगळ्या फायली नव्या स्वरूपात बदलल्या, तेव्हा संगणकानं आपण होऊन लिहिलेल्या तारखाही पुसल्या गेल्या. रेकॉर्डिंगमध्ये सेलामचा आवाज शोधावा तर तोही नाही. आली तेव्हा तिला मराठीचं अक्षर येत नव्हतं, म्हणून ती मागाजवळ रेकॉर्डर ठेवून नुसती बसून राहायची, आणि पुढे तीच तिची रीत झाली. विणकर आपले काम करता करता बोलायचे. रुख्माबाई गेल्या वर्षी वारल्या. बाकीच्यांना विचारलं तर ते खरं तेच सांगत होते. भैय्याजीही यायचे, ही पोरगीही यायची.

गुरुवारी निकाल होता. विरुद्ध गेला की नोंदणी रद्द, नोंदणी गेली की व्हिसा रद्द, आणि पंधरा दिवसांत घरी. घरी जायचं तेही चोर म्हणून.

"वहीची झेरॉक्स दिली का?" प्रेमलताबाईंनी विचारलं.

सेलामनं घडी केलेले कागद काढले. तिनं ते अजून उघडून पाहिले नव्हते, हिंमतच झाली नव्हती. प्रेमलताबाईंनी चष्मा लावला, पहिलं पान वाचलं आणि गॅस बंद केला.

"माणूस मेला तरी त्याची हजेरी अशी नसते," त्या म्हणाल्या.

२

वहीच्या त्या पानावर, वरच्या चार ओळी अशा होत्या.

१३ जानेवारी २०१५. रुख्माबाई, ताणा जोडणी, एक.
१३ फेब्रुवारी २०१५. रुख्माबाई, ताणा जोडणी, दोन.
१३ एप्रिल २०१५. रुख्माबाई, ताणा जोडणी, तीन.
१३ मे २०१५. रुख्माबाई, ताणा जोडणी, चार.

त्यानंतर सहा-सात महिने काहीच नाही, आणि मग दोन हजार सोळाच्या जानेवारीपासून यादी धो धो वाहत होती. कधी पाच तारीख, कधी एकवीस, कधी लागोपाठ तीन दिवस. माणसाचं येणं-जाणं असंच असतं, वेडंवाकडं. पण पहिल्या चारही वेळा हा गृहस्थ नेमका तेरा तारखेलाच उगवतो? आणि मार्चमध्ये कुठे जातो?

टाइम ऑफिसात अशा नोंदी प्रेमलताबाईंनी शेकडो पाहिल्या होत्या. न आलेल्या माणसाची हजेरी जो दुसरा लावतो, त्याचा हात फार नीटनेटका असतो.

भैय्याजी काही वर्षांपूर्वीच वारले होते. त्यांचा मुलगा पंकज वाडीतल्याच एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, फाडायचा. तक्रारीवर सही त्याचीच होती. प्रेमलताबाई दुपारी तिथे पोचल्या तेव्हा दोन ट्रक एकाच फाटकातून घुसू पाहत होते आणि पंकज दोघांनाही शिव्या देत होता.

"काकू, मले त्या पोरीशी काही वैर नाही," तो म्हणाला, आणि त्यांना बसायला खुर्ची दिली. "पण बाबा बारा वर्षं सायकलीनं फिरले. लोक येडा म्हणत. आता त्यांचं काम दुसऱ्याच्या नावावर जाऊन राहिलं, तर मी गप बसू का?"

"वही कुठं होती इतके दिवस?"

"घरी. मागच्या दिवाळीआधी विद्यापीठातला रोहित आला. वही अन् कॅसेटीची पिशवी घेऊन गेला. म्हणाला, बाबांचा संग्रह संगणकात टाकतो, मीच संपादक राहतो. मागच्या महिन्यात त्यानंच वही आणून दाखवली. पाहा म्हणे, तुमच्या बाबांच्या तारखा अन् त्या मॅडमच्या तारखा."

"तू वही वाचली होती आधी?"

पंकज ओशाळला. "बाबा गेल्यावर उघडवली नाही."

"अन् कॅसेटी?"

"त्या सगळ्या चढवल्या म्हणाला. दोनशे चौदा त्याच."

प्रेमलताबाई उठल्या. जाताना त्यांनी सहज विचारलं, "भैय्याजींच्या पिशवीत कॅसेटी होत्या किती?"

पंकजनं आठवून पाहिलं. "चाळीसेक असतीन."

३

बुधवारी सकाळी त्या विद्यापीठाच्या केंद्रात गेल्या. व्हिसाच्या अर्जात स्थानिक पालक म्हणून त्यांचं नाव होतं, त्यामुळे त्यांना अडवायची कोणाची छाती झाली नाही. सूचनाफलकावर तक्रारीचा कागद अजून टाचलेला होता, सेलामच्या नावाखाली कोणीतरी लाल रेघ ओढली होती. त्या रेघेकडे पाहून प्रेमलताबाईंचं डोकं तापलं. पण त्यांनी ते चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

आत नंदिनी धकाते होती, केंद्राची तांत्रिक सहायक. एप्रिलमध्ये फायली तिनंच बदलल्या होत्या, तारखा तिच्याच हातून पुसल्या गेल्या होत्या, आणि हे तिला माहीत होतं. चार दिवस झोपली नसावी.

"लोक म्हणून राहिले मीच मुद्दाम केलं," ती म्हणाली. "मी काहून करू काकू? सेलामच्या घरी, म्हणजे तुमच्या घरी, मी दरवर्षी नव्या वर्षाले जेवाले येतो."

"येतेस, अन् ती आंबट भाकर दोनदा मागून घेतेस. फायलींची यादी कोणाकोणाकडे हाय?"

"भिंतीवर लावली होती वर्षभर. इथं बसणाऱ्या कोणीही पाहावी."

"मले फायलीचं नाव दाखव. पहिल्या चारचं."

नंदिनीनं पडद्यावर आणलं. आधी वर्ष, मग दोन आकडे, मग आणखी दोन. प्रेमलताबाईंनी ते आपल्या छोट्या वहीत उतरवून घेतले आणि एकेका आकड्यावरून बोट फिरवलं. पहिली फाइल होती २०१५-१३-०१.

"अन् या चार मले ऐकव," त्या म्हणाल्या.

शेजारच्या टेबलावरून एक हसरा आवाज आला. "आजी, त्या ऐकून काय मिळणार? तासन्‌तास नुसती खडखड आहे." हा रोहित देवतळे. तोही संशोधक, सेलामच्याच वर्षाचा, तिच्या टेबलाला टेबल लावून बसणारा. शर्ट इस्त्रीचा, बोलणं त्याहून इस्त्रीचं. "मला सेलामबद्दल वाईटच वाटतं. परदेशातून येतात, दडपण असतं. पण भैय्याजींचा संग्रह माझ्याकडे आहे, तर गप्प बसणं बरोबर नाही ना?"

"बरोबर नाही," प्रेमलताबाई म्हणाल्या. "तुम्ही ऐकल्या का या?"

"सगळ्या दोनशे चौदा," रोहित म्हणाला.

प्रेमलताबाईंनी कानाला हेडफोन लावले. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये रुख्माबाई मोजत होत्या. पन्नास, शंभर, दीडशे. नंदिनीनं पुढे सरकवत नेलं. पाचव्या तासाला त्या "सहाशे झाले" म्हणाल्या आणि रेकॉर्डिंग संपलं. दुसरं सुरू झालं ते "सहाशेच्या पुढं" या शब्दांनी. आणि त्याच्या शेवटी म्हातारी कोणाला तरी हाक मारून जे बोलली, ते ऐकून प्रेमलताबाईंनी हेडफोन काढले आणि नंदिनीला ते पुन्हा लावायला सांगितलं.

"चला, उठाले लागते. आज कान्होबा बोळवाचा हाय, लेकरं खोळंबली."

रोहित अजून हसत होता. पण आता त्याच्या हातातलं पेन थांबलं होतं.

४

घरी आल्यावर त्यांनी सेलामला वरून हाक मारली. सेलाम बॅग भरत होती. अर्धी भरूनही झाली होती.

"बॅग राहू दे. तेवीस सालच्या सप्टेंबरात, इथं येऊन पंधरा दिवसही झाले नव्हते, तेव्हा तू उमरेडले जाऊन राहिली होती. आठवते?"

"हाव. तुम्ही रागावल्या होत्या. सामान सोडलं नाही अन् बस पकडते म्हणून."

"लागोपाठ चार दिवस गेली?"

सेलामनं डोळे मिटून आठवलं. "पाच दिवसांत चार. मधी एक दिवस नाही गेली."

"काहून?"

"त्या दिवशी परदेशी लोकांच्या नोंदणीले बोलावलं होतं. आल्यापासून चौदा दिवसांत करा लागते. दिवसभर बाकावर बसली होती. तुम्ही डबा दिला होता, लाल मिरचीच्या ठेच्याचा, भिवापुरी. शेजारचा एक नेपाळी पोरगा खाऊन रडला."

"त्याचा कागद हाय?"

कागद होता. असे कागद परदेशी विद्यार्थी पासपोर्टपेक्षा जास्त जपतो, कारण पासपोर्ट एकदा दाखवला की काम भागतं आणि हे कागद रोज कोणीतरी मागतं. सेलामनं प्लास्टिकच्या पाकिटातून तो काढला. प्रेमलताबाईंनी शिक्क्यावरची तारीख पाहिली आणि इतक्या मोठ्यानं हसल्या की शेजारच्या रोशनीनं खिडकीतून डोकं काढलं.

"मावशी, काय झालं?"

"तुह्यी गैरहजेरी सापडली," त्या म्हणाल्या. "आता हजेरी मी सिद्ध करतो."

५

गुरुवारी समितीच्या खोलीत केंद्राच्या प्रमुख डॉ. चारुशीला पाठराबे, दोन सदस्य, पंकज, नंदिनी, रोहित आणि सेलाम, एवढी मंडळी होती. प्रेमलताबाईंनी बोलायची परवानगी मागितली तेव्हा रोहित हळूच म्हणाला, "मॅडम, त्या निवृत्त कारकून आहेत."

"टाइमकीपर," प्रेमलताबाईंनी दुरुस्ती केली. "म्हणूनच आली. मले इथं तिघांना एकेक प्रश्न विचाराचा हाय. पंकज, तू कोष्ट्याचा पोरगा. जुना ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, संपला की नव्याचा एकेक धागा पिळून जुन्याले जोडतात. त्याले किती दिवस लागते?"

"हात चांगला असला तर तीन. म्हाताऱ्या माणसाले चार."

"अन् चार महिने?"

"चार महिने माग बंद ठेवला तर खाईन काय माणूस?" पंकज हसला, आणि मग हसता हसता थांबला. समोर त्याच्याच बाबांची वही उघडी होती. त्यानं ती ओढून घेतली. तेरा जानेवारी, ताणा जोडणी, एक. तेरा मे, ताणा जोडणी, चार. त्याचं बोट चारही ओळींवरून फिरलं आणि पुन्हा वर आलं.

"तो एकच ताणा हाय," प्रेमलताबाई म्हणाल्या. "रुख्माबाई धागे मोजतात. पहिल्या दिवशी सहाशेवर थांबतात, दुसऱ्या दिवशी सहाशेच्या पुढं लागतात. चौथ्या दिवशी चोवीसशेवर संपतात. अन् त्या चारातल्या दुसऱ्या दिवशी म्हणतात, आज कान्होबा बोळवाचा हाय. घरी बसवलेला मातीचा कान्होबा गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी पाण्यात बोळवतात. वहीत त्या दिवशी तेरा फेब्रुवारी लिहिली हाय. फेब्रुवारीत कोणाच्या घरी कान्होबा बसतो, मॅडम?"

डॉ. पाठराबेंनी मान हलवली. त्यांच्या माहेरी कान्होबा बसत असे.

"आता दुसरा प्रश्न नंदिनीले. सेलामच्या वर्षात महिने किती?"

"तेरा," नंदिनी चटकन म्हणाली. "बारा महिने तीस-तीस दिवसांचे, अन् शेवटचा पाच-सहा दिवसांचा. तो संपला की आपल्या सप्टेंबरात त्यांचं नवं वर्ष. त्यालेच तर आम्ही जेवाले जातो."

"अन् तिसरा रोहितले. इतके दिवस टेबलाले टेबल लावून बसले तुम्ही. सेलामचं नवं वर्ष कधी येते?"

रोहितनं खांदे उडवले. "एक जानेवारीला. सगळ्यांचं येतं तेव्हाच."

नंदिनीनं दोन्ही हात तोंडावर ठेवले.

प्रेमलताबाईंनी आपल्या छोट्या वहीतले आकडे फळ्यावर लिहिले. २०१५-१३-०१. मग शून्य दोन, शून्य चार, शून्य पाच. "आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. तेराव्या महिन्याचा पहिला, दुसरा, चौथा अन् पाचवा दिवस. ज्यानं ही यादी वहीत उतरवली त्यानं बाकी सगळ्या फायलींचा दुसरा आकडा महिना धरला. इथं आला अन् अडकला. तेरावा महिना कुठून आणणार? त्याले वाटलं, इथं दिवस अन् महिना उलटा पडला असीन. सरळ करून टाकला. तेरा जानेवारी, तेरा फेब्रुवारी, तेरा एप्रिल, तेरा मे. म्हणून भैय्याजी तेरा तारखेशिवाय घराबाहेर पडत नाहीत."

"आणि मार्च?" डॉ. पाठराबेंनी विचारलं. त्या आता खुर्चीत पुढे सरकल्या होत्या.

"मार्च म्हणजे त्या महिन्याचा तिसरा दिवस. सेलाम त्या दिवशी उमरेडले गेली नाही." त्यांनी प्लास्टिकच्या पाकिटातला कागद टेबलावर ठेवला. "परदेशी नोंदणी कार्यालय, आठ सप्टेंबर दोन हजार तेवीस. दिवसभर बाकावर होती. तिचा तिसरा दिवस म्हणजे आपली आठ सप्टेंबर. दुसरा दिवस सात सप्टेंबर. पंचांग पाहा, त्या वर्षी कान्होबा सातलाच बोळवले. भैय्याजी तेवीस सालच्या पाच वर्षं आधीच गेले होते. मेलेल्या माणसानं सेलामच्या रजेच्या दिवशी रजा घ्यावी, असं माझ्या एकतीस वर्षांत झालं नाही."

"हे कोणीही लिहिलं असेल," रोहित म्हणाला. त्याच्या आवाजाची इस्त्री मोडली होती. "पंकजकडे वही होती. नंदिनीकडे यादी होती."

"पंकज विणकराच्या घरचा. त्याच्या हातून एक ताणा चार महिने जोडला गेलाच नसता. नंदिनीले तेरावा महिना माहीत, ती तेरा जानेवारी लिहीन कशी? ज्याले माग माहीत नाही, अन् जो शेजारी बसणाऱ्या पोरीले कधी तिच्या घरचं काही विचारत नाही, असा एकच माणूस या खोलीत हाय. सेलामनं तुम्हाले दोनदा जेवाले बोलावलं होतं. एकदा आले असते, तर ही चूक झाली नसती."

पंकज उठला. तो ओरडला नाही, म्हणून जास्त भीती वाटली. "बाबांच्या कॅसेटी कुठं हायत, रोहित?"

रोहितनं खिशातून कपाटाची किल्ली काढून टेबलावर ठेवली. मग तो सगळं बोलला. कॅसेटींना बुरशी लागली होती. त्यानं न साफ करता मशीनमध्ये घातल्या, आणि एकामागून एक फिती ओढल्या जाऊन तुटल्या. त्याचा प्रबंध त्या संग्रहावर उभा होता, दिवाळीपासून तो मार्गदर्शकांना काम झालं म्हणून सांगत आला होता. भिंतीवरच्या यादीत त्याला दोन हजार सोळा दिसलं, वहीत मागची पानं कोरी दिसली, आणि भैय्याजींसारखं अक्षर काढून त्यानं ती यादी तिथे उतरवली. तुटक्या कॅसेटी त्याच्या कपाटात, खालच्या खणात होत्या.

६

निर्णयाला दहा मिनिटंही लागली नाहीत. सेलामची नोंदणी कायम, तक्रार फेटाळली, रोहितवर वेगळी चौकशी. डॉ. पाठराबे उभ्या राहिल्या आणि केंद्राच्या वतीनं माफी मागते म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या, हे मान्य करायला हवं.

सेलाम पहिल्यांदा बोलली. "मॅडम, माफी खोलीत नको. आरोप जिथं लावला, तिथं लावा."

मग सगळेच बाहेर आले. डॉ. पाठराबेंनी सूचनाफलकावरचा लाल रेघेचा कागद स्वतः काढला आणि सही केलेला निर्णय सेलामच्या हातात दिला. सेलामनं तो फलकाच्या मधोमध टाचला, चारही कोपऱ्यांना चार टाचण्या लावून. जिन्यात पोरं जमली. एकानं पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला घेतलं, मागच्यांनी टाळ्या सुरू केल्या, आणि सेलाम, जी चार दिवस मान खाली घालून त्या जिन्यावरून चढत-उतरत होती, ती तिथेच ताठ उभी राहून शेवटचा शब्द वाचून होईपर्यंत ऐकत राहिली. प्रेमलताबाईंना इतका अभिमान वाटला की त्यांनी शेजारी उभ्या अनोळखी प्राध्यापकाला सांगून टाकलं, ही माझी हाय.

पंकज रोहितच्या कपाटातून आणलेली पिशवी छातीशी धरून बाजूला उभा होता. त्यातून तुटक्या फितींची टोकं लोंबत होती.

"मॅडम, मी तुमचं लई नुकसान करत होतो," तो सेलामला म्हणाला. "कोणत्या तोंडानं विचारू. पण यातलं काही वाचते का?"

नंदिनीनं एक कॅसेट उजेडात धरली. "बुरशी साफ होते. तुटलेली फीत चिकटवता येते. सगळ्या नाही, पण अर्ध्या निघतीन."

"निघतीन तेवढ्या काढू," सेलाम म्हणाली. "त्या माझ्या संग्रहात नाही टाकणार. त्यांचा वेगळा संग्रह करू, त्यांच्या नावाचा. अन् माझ्या आधी त्यांचं नाव. ते माझ्या आधी गेले होते उमरेडले."

पंकजनं पिशवी तिच्या हातात दिली आणि डोळे पुसत जिना उतरून गेला.

फाटकाबाहेर अमरावती रोडच्या बसची वाट पाहताना सेलामनं अदिस अबाबाला फोन लावला. पलीकडून म्हाताऱ्याचा आवाज आला आणि तिचा बांध फुटला. ती हसत होती, रडत होती, हात हलवून फळा दाखवत होती, जणू वडिलांना तो दिसणारच. प्रेमलताबाईंना त्या भाषेतलं अक्षर कळत नव्हतं. त्या पिशवी सांभाळत उभ्या राहिल्या. बस आली, कंडक्टरनं हाक मारली, तरी सेलामचं बोलणं थांबेना, आणि प्रेमलताबाईंनीही तिला थांबवलं नाही. त्या सगळ्या बोलण्यात एकच शब्द त्यांच्या ओळखीचा होता, मावशी. तो सात वेळा आला.